विश्लेषण : बिअरची चव पाणी ठरवते? घरगुती बिअरकर्ते पाण्याचा अहवाल का मागवतात?

बिअरमध्ये ९० टक्क्यांहून अधिक पाणी असते. तरीही घरी बिअर करणारे बहुतेक जण आधी माल्ट, हॉप्स आणि यीस्टवर पैसे खर्च करतात. नळाच्या पाण्याकडे सर्वांत शेवटी लक्ष जाते. ब्रिटन-अमेरिकेत घरगुती बिअरनिर्मिती हा कायदेशीर आणि मोठा छंद आहे. तिथे गेल्या काही वर्षांत पाण्याची चाचणी करून त्यात मोजून क्षार घालण्याची पद्धत रूढ झाली आहे. मात्र चाचणी न करता नुसतेच क्षार घातले, तर २० लिटरचे अख्खे पिंप आणि महिनाभराची वाट पाहणे वाया जाते. या पाण्यात नेमके काय मोजायचे, ते कसे बदलायचे आणि यातून आपल्याकडच्या वाचकाला काय घेण्यासारखे आहे, याचा हा आढावा.

पाण्याचा मुद्दा आला कुठून?

इंग्लंडमधील बर्टन-अपॉन-ट्रेंट या गावाखाली जिप्समचे थर आहेत. त्यांतून झिरपून आलेल्या विहिरीच्या पाण्यात कॅल्शियम आणि सल्फेट भरपूर असतात. बर्टनच्या पाण्याचे जे आकडे नेहमी दिले जातात, त्यांत सल्फेट लिटरमागे ६०० मिलिग्रॅमच्या वर, तर कॅल्शियम २५० ते ३०० मिलिग्रॅम आहे. या पाण्यात फिकट रंगाची, कोरडी आणि स्वच्छ कडवट चवीची बिअर उत्तम होते. १८२२ मध्ये रशियाने आयात कर वाढवल्यावर बर्टनच्या ऑलसॉप या कारखान्याचा तिकडचा बाजार बसला आणि त्याने भारताकडे मोर्चा वळवला. लंडनच्या हॉजसन यांची फिकट बिअर त्याआधीपासून भारतात येत होती. पण बर्टनचे पाणी या प्रकाराला अधिक मानवले. मुंबई-कोलकात्याच्या गोऱ्या अधिकाऱ्यांसाठी जहाजातून येणारी ही बिअर पुढे ‘इंडिया पेल एल’ म्हणून ओळखली गेली.

दुसरे टोक म्हणजे बोहेमियातील, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातील पिल्सेन. तिथल्या पाण्यात कॅल्शियम लिटरमागे १० मिलिग्रॅमच्या आसपास आणि इतर क्षारही नगण्य. १८४२ मध्ये योसेफ ग्रोल या बव्हेरियन बिअरकर्त्याने याच मऊ पाण्यात सोनेरी रंगाची पिल्सनर तयार केली. लंडनच्या बायकार्बोनेटयुक्त पाण्यात मात्र काळसर पोर्टर चांगली होत असे. प्रत्येक गावाने आपल्या पाण्याला साजेशी बिअर शोधली, त्यामागचे रसायनशास्त्र कळायला मात्र विसावे शतक उजाडले.

घरी बिअर करणे कुठे कायदेशीर आहे?

ब्रिटनमध्ये १८८० पासून घरगुती बिअरला परवाना लागत असे. १९६३ च्या अर्थसंकल्पात तो रद्द झाला. अमेरिकेत अध्यक्ष जिमी कार्टर यांनी ऑक्टोबर १९७८ मध्ये सही केलेल्या कायद्याने एका प्रौढ व्यक्तीला वर्षाला १०० गॅलन, तर दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला २०० गॅलन बिअर स्वतःसाठी करण्याची मुभा केंद्रीय करातून मिळाली. मिसिसिपी आणि अलाबामा या शेवटच्या दोन राज्यांनी २०१३ मध्ये परवानगी दिली. विक्रीला मात्र दोन्ही देशांत वेगळा परवाना लागतो.

महाराष्ट्रात परवान्याशिवाय बिअर तयार करणे हा महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ नुसार गुन्हा आहे. ‘घरापुरती’ अशी सवलत त्यात नाही. त्यामुळे पुढची कृती ही परदेशात, जिथे हा छंद खुला आहे तिथे राहणाऱ्यांसाठी आहे. इथे हे शास्त्र परवानाधारक मायक्रोब्रुअरींमध्ये रोज वापरात असते.

पाण्यातले नेमके काय महत्त्वाचे?

बार्लीला मोड आणून वाळवले की माल्ट तयार होते. भरडलेले माल्ट ६५ ते ६८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवतात. याला मॅशिंग म्हणतात. या तासाभरात माल्टमधील विकरे स्टार्चची साखर करतात. हे काम नीट होण्यासाठी मॅशचा सामू, म्हणजे पीएच, ५.२ ते ५.६ च्या दरम्यान असावा लागतो. सामूची ही मोजपट्टीदेखील बिअरच्याच जगातून आली. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन सोरेन्सन यांनी १९०९ मध्ये ती मांडली.

इथे नेहमी एक गल्लत होते. महत्त्वाचा असतो तो मॅशचा सामू, नळाच्या पाण्याचा नव्हे. नळाच्या पाण्याचा सामू ७ असो वा ८, त्यावरून मॅशचे काय होईल ते कळत नाही. ते ठरवते पाण्याची अल्कता, म्हणजे प्रयोगशाळेच्या अहवालातील ‘अल्कलिनिटी’. पाणी किती आम्ल पचवू शकते, याचे हे माप आहे आणि पिण्याच्या पाण्यात ते मुख्यतः बायकार्बोनेटमुळे येते. बायकार्बोनेट मॅशचा सामू वर ढकलते. उलट कॅल्शियम आणि काही प्रमाणात मॅग्नेशियम माल्टमधील फॉस्फेटशी संयोग पावून सामू खाली आणतात. काळे भाजलेले माल्ट स्वतःच आम्लधर्मी असल्याने तेही सामू उतरवते. म्हणून अल्कता जास्त असलेल्या लंडनच्या पाण्यात काळी बिअर जमली आणि फिकट बिअर रुसली.

जर्मन शास्त्रज्ञ पाउल कोलबाख यांनी १९५३ मध्ये ही रस्सीखेच हिशेबात बसवली. अल्कतेतून कॅल्शियमचा १.४ ने आणि मॅग्नेशियमचा १.७ ने केलेला भागाकार वजा करायचा. उरते ती ‘शिल्लक अल्कता’. ती शून्याच्या आसपास किंवा उणे असेल तर पाणी फिकट बिअरला योग्य; १०० च्या पुढे असेल तर गडद बिअरला.

सामू चुकला तर काय बिघडते?

सामू ६ च्या दिशेने गेला की स्टार्चची साखर कमी होते, बिअर गढूळ राहते आणि कडवटपणा खरखरीत लागतो. मॅशिंगनंतर चोथ्यावर गरम पाणी ओतून उरलेली साखर धुऊन घेतात. त्या वेळी सामू वर असेल तर माल्टच्या टरफलांतील टॅनिन उतरते आणि फार उकळलेल्या चहासारखा तुरटपणा येतो. सामू फार खाली गेला तर बिअर आंबूस आणि पोकळ लागते. हे दोष आंबवण पूर्ण होऊन बाटली उघडल्यावरच कळतात आणि तेव्हा दुरुस्ती शक्य नसते.

टीडीएस मीटर पुरेसा का नाही?

आपल्याकडे घरोघरी आरओ यंत्र बसवणारा माणूस खिशातून टीडीएस मीटर काढतो आणि आकडा दाखवतो. हा मीटर पाण्याची वीजवहन क्षमता मोजून विरघळलेल्या एकूण क्षारांचा अंदाज देतो. ते क्षार कोणते, हे तो सांगत नाही. जिप्सममुळे ४०० टीडीएस असलेले पाणी फिकट बिअरला चालेल. बायकार्बोनेटमुळे ४०० असलेले चालणार नाही. मिठामुळे ४०० असेल तर चवच बिघडेल. तिन्ही वेळा मीटरवर आकडा एकच.

‘जड पाणी वाईट’ हा समजही याच कारणाने अपुरा आहे. बर्टनचे आणि लंडनचे, दोन्ही पाणी जड. पण बर्टनच्या जडपणात सल्फेटचा वाटा मोठा आहे, तो उकळून जात नाही. लंडनच्या जडपणात बायकार्बोनेटचा वाटा मोठा आहे. ते उकळल्यावर चुनखडी होऊन भांड्याच्या तळाशी बसते. गिझरच्या कॉइलवर जमणारा पांढरा थर तो हाच.

चाचणी कशी करतात?

पहिली पायरी फुकटची आहे. ब्रिटन आणि अमेरिकेतील पाणीपुरवठादारांचे गुणवत्ता अहवाल खुले असतात. त्यांत सहा आकडे शोधायचे : कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, सल्फेट, क्लोराइड आणि अल्कता. आरोग्यासाठीच्या अहवालात हे सगळे असतीलच असे नाही. त्यामुळे अनेक जण नमुना प्रयोगशाळेत पाठवतात. शहर उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात वेगळ्या स्रोतांतून पाणी घेत असेल तर वर्षातून दोनदा तपासणी लागते.

अहवाल वाचताना एककांकडे लक्ष हवे. अल्कता बहुधा ‘कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात’ दिलेली असते, तिला १.२२ ने गुणले की बायकार्बोनेट मिळते. कॅल्शियमचा जडपणा त्याच रूपात दिला असेल तर ०.४ ने गुणल्यावर प्रत्यक्ष कॅल्शियम मिळते. काही अमेरिकी प्रयोगशाळा सल्फेटऐवजी त्यातील गंधकाचा आकडा देतात. त्याला ३ ने गुणावे लागते. हे न पाहता जिप्सम घातले तर सल्फेटचा हिशेब तिपटीने चुकतो.

घरच्या घरी अल्कता आणि जडपणा मोजायला मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारे थेंबांचे किट चालते. नमुन्यात एकेक थेंब टाकायचा आणि रंग बदलेपर्यंत मोजायचे. बहुतेक किटमध्ये एक थेंब म्हणजे एक जर्मन अंश, अर्थात लिटरमागे सुमारे १८ मिलिग्रॅम. प्रयोगशाळेइतकी अचूकता त्यात नसते, पण पाणी मागच्या वेळेसारखेच आहे का, एवढे कळते.

मॅशचा सामू मोजायला कागदी पट्ट्यांपेक्षा मीटर बरा. तो दर वेळी ४ आणि ७ सामूच्या द्रावणात जुळवून घ्यावा लागतो. माल्ट भिजवल्यावर १०-१५ मिनिटांनी वाटीभर द्रव काढून खोलीच्या तापमानाला थंड करून मगच मोजायचा. गरम मॅशमध्ये सामू सुमारे ०.३ ने कमी भरतो, शिवाय उष्णतेने मीटरचे टोक लवकर खराब होते. ५.२ ते ५.६ ही कक्षा थंड नमुन्याची आहे.

क्लोरीनचे काय करायचे?

बाकी काही न करता एकच गोष्ट करायची असेल, तर ती ही. नळाच्या पाण्यातील क्लोरीन माल्टमधील आणि यीस्टने तयार केलेल्या फिनॉल गटातील द्रव्यांशी मिळून क्लोरोफिनॉल तयार करते. त्याला दवाखान्यासारखा, औषधी पट्टीसारखा वास येतो आणि तो अब्जांशात काही भाग इतक्या अत्यल्प प्रमाणातही जाणवतो.

साधे क्लोरीन उकळून किंवा रात्रभर उघडे ठेवून बरेच उडून जाते. पण अनेक शहरे आता क्लोरामिन वापरतात. ते अधिक टिकाऊ असल्याने सहज उडत नाही. त्यावर उपाय म्हणजे सोडियम किंवा पोटॅशियम मेटाबायसल्फाइटची ‘कॅम्पडेन’ गोळी. साधारण अर्ध्या ग्रॅमची एक गोळी ७५ लिटर पाण्याला पुरते आणि काही मिनिटांत काम करते. २० लिटरला पाव गोळी बास. दम्याच्या रुग्णांनी सल्फाइटची भुकटी हाताळताना काळजी घ्यावी.

प्रत्यक्ष दुरुस्ती कशी होते?

समजा, अहवालात कॅल्शियम ६०, मॅग्नेशियम २४, सल्फेट २० आणि अल्कता २०० आहे. कोलबाख यांच्या सूत्राने शिल्लक अल्कता येते सुमारे १४३. स्टाउट करायची असेल तर यात फार ढवळाढवळ नको. पेल एल करायची असेल तर मॅशच्या २० लिटर पाण्याची दुरुस्ती अशी होते :

पहिले पाऊल : निम्मे पाणी आरओचे घ्यायचे. सगळे आकडे जवळपास निम्म्यावर येतात. कॅल्शियम ३०, मॅग्नेशियम १२, सल्फेट १०, अल्कता १००. शिल्लक अल्कता सुमारे ७२.

दुसरे पाऊल : ४ ग्रॅम जिप्सम. २० लिटरमध्ये त्यातून कॅल्शियम ४७ ने आणि सल्फेट ११२ ने वाढते. कॅल्शियम ७७ झाल्याने शिल्लक अल्कता ३८ वर उतरते.

तिसरे पाऊल : ८८ टक्के तीव्रतेचे लॅक्टिक आम्ल सुमारे १.७ मिलिलिटर. त्याने अल्कता आणखी ५० ने घटते आणि शिल्लक अल्कता उणे १२ वर जाते.

यानंतर मॅशचा सामू मोजायचा. तो वर वाटला तर आम्ल थेंबाथेंबाने वाढवायचे; खाली गेला तर चिमूटभर खाण्याचा सोडा. पुढच्या वेळचा हिशेब वहीत लिहिलेल्या या मोजमापावरून सुधारतो. जर्मनीत १५१६ च्या शुद्धता नियमाच्या परंपरेमुळे बिअरकर्ते बाहेरचे आम्ल घालत नाहीत. ते लॅक्टिक आम्ल असलेले माल्ट वापरतात. एकूण माल्टच्या एक टक्का असे माल्ट घातले की सामू सुमारे ०.१ ने उतरतो.

क्षार खाद्यश्रेणीचेच हवेत. शेतीसाठीचे जिप्सम चालत नाही. वजन दशांश ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर करायचे, कारण जिप्समचा ‘एक चमचा’ दर वेळी वेगळा भरतो. कॅल्शियम क्लोराइड हवेतली ओल शोषते, म्हणून डबा घट्ट बंद ठेवावा. तीव्र लॅक्टिक आम्ल हाताळताना हातमोजे आणि चष्मा आवश्यक.

सल्फेट हवे की क्लोराइड?

सामू जुळल्यानंतरचा हा चवीचा प्रश्न. सल्फेट हॉप्सचा कडवटपणा कोरडा आणि ठळक करते. क्लोराइड माल्टचा गोडवा आणि भरीवपणा पुढे आणते. कडवट बिअरसाठी सल्फेट १५० ते ३५० मिलिग्रॅमपर्यंत नेतात, त्यासाठी जिप्सम. माल्टप्रधान बिअरसाठी क्लोराइड १०० च्या आसपास ठेवतात. त्यासाठी कॅल्शियम क्लोराइड. २० लिटरमध्ये त्याच्या ४ ग्रॅममधून कॅल्शियम सुमारे ५५ ने आणि क्लोराइड ९६ ने वाढते.

दोघांचे गुणोत्तर पाळा, असा सल्ला सर्रास दिला जातो. पण ५ ला १० आणि १५० ला ३०० हे गुणोत्तर सारखेच, चव मात्र वेगळी. दोन्ही एकाच वेळी खूप वाढवले की बिअर खनिज पाण्यासारखी लागते. एप्सम सॉल्टबाबत हात आखडता हवा. मॅग्नेशियम माल्टमधूनच पुरेसे येते आणि जास्त झाले की चव कडू-आंबट होते, पोटही बिघडते.

मग बर्टनची नक्कल का करू नये?

‘बर्टनचे पाणी’ तयार करण्याचे तयार आकडे आणि पुड्याही मिळतात. १९ व्या शतकाच्या उत्तरार्धातच इतर गावांतील कारखाने जिप्सम घालून पाणी ‘बर्टन’ करू लागले होते. पण छापील आकडे फसवे ठरू शकतात. एकाच गावात विहिरीगणिक पाणी बदलते. जुने बिअरकर्ते अनेकदा पाणी आधी उकळून घेत, म्हणजे मॅशमध्ये जाणारे पाणी विहिरीपेक्षा वेगळे असे. डब्लिनचे पाणी अल्कतायुक्त म्हणून स्टाउट तिथे जन्मली, असे सांगतात. पण गिनेसच्या कारखान्याला येणारे पाणी विक्लोच्या डोंगरांतले आहे. बर्टनमध्येही ६०० मिलिग्रॅम सल्फेटमुळे बिअर ओतताना गंधकाचा वास येई. तिथल्या गिऱ्हाइकाला तो आवडे, इतरांना आवडेलच असे नाही.

जॉन पामर आणि कॉलिन कमिन्स्की यांनी २०१३ मध्ये बिअरकर्त्यांसाठी केवळ पाण्यावरच अख्खे पुस्तक लिहिले, संगणकावर हिशेब करून देणारी कोष्टकेही उपलब्ध आहेत. त्यामुळे कोणत्याही शहराची नक्कल न करता आपल्या नळाच्या पाण्यापासून सुरुवात करता येते. क्रम साधा आहे : आधी क्लोरीन घालवा, मग अल्कता आणि मॅशचा सामू जुळवा, कॅल्शियम ५० च्या वर ठेवा आणि चवीचे क्षार शेवटी, थोडेच घाला.

इथल्या वाचकाला याचा उपयोग काय?

महाराष्ट्रात पाण्याची ही सगळी रूपे सापडतात. मुंबईला तानसा, वैतरणा, भातसा या तलावांतून येणारे पाणी मऊ आहे. दख्खनच्या बेसॉल्ट खडकातील बोअरवेलच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट अधिक असते. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात भूजलच खारट आहे. तिन्ही ठिकाणी उपाय वेगळा. बोअरच्या पाण्यात डाळ शिजायला वेळ लागतो तो कॅल्शियममुळे. चहा काळपट आणि बेचव होतो तो बायकार्बोनेटमुळे. अनेक सोसायट्यांत बसवलेला सॉफ्टनर कॅल्शियम काढून सोडियम देतो, अल्कतेला हातही लावत नाही. गिझरसाठी तो उपयोगी, बिअरकर्ता मात्र त्याचे पाणी टाळतो.

पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकानुसार टीडीएस ५०० मिलिग्रॅमपर्यंत, तर जडपणा आणि अल्कता प्रत्येकी २०० पर्यंत स्वीकारार्ह आहेत. दुसरा स्रोतच नसेल तर ही मर्यादा अनुक्रमे २००० आणि प्रत्येकी ६०० पर्यंत शिथिल होते. म्हणजेच मानकातही हे तीन वेगळे आकडे आहेत. सोसायटीच्या टाकीचे पाणी तपासायला देताना केवळ टीडीएस न मागता कॅल्शियम, मॅग्नेशियम, क्लोराइड, सल्फेट आणि अल्कता हे आकडे मागावेत. आरओ, सॉफ्टनर की नुसता कार्बन फिल्टर, याचा निर्णय त्या अहवालावर घेता येतो. विक्रेत्याच्या मीटरवरील एका आकड्यावर नव्हे.